दिवाळसणाचं काळं घड्याळ

"हात पुढं करा, जावईबापू."

विश्वजितनं हात पुढं केला. अप्पांनी काउंटरवरचं सोनेरी घड्याळ स्वतः उचलून त्याच्या मनगटावर ठेवलं, मान वाकडी करून लांबून बघितलं, मग चष्मा वर करून जवळून बघितलं.

"शोभतंय," ते म्हणाले. "साबळे, हेच बांधा."

मी नवऱ्याच्या मागं उभी होते, त्याला हळूच कोपरानं ढोसलं. तो खाकरला.

"अप्पा, जरा ते काळं पण बघू का? नुसतं बघतो."

साताऱ्यातल्या राजपथावरच्या खेळाच्या सामानाच्या दुकानातली ही गोष्ट. आमच्या लग्नानंतरची पहिली दिवाळी, म्हणजे दिवाळसण. आमच्याकडं दिवाळसणाला लेक-जावई येतात, पाडव्याला सासू जावयाला ओवाळते, आणि सासरा काहीतरी चांगलं, मनगटावर नाहीतर बोटात दिसेल असं, जावयाला देतो. अंगठी लग्नात झाली होती. राहिलं घड्याळ. पण साधं घड्याळ देतील तर ते अप्पा कसले. ते लग्नाच्या वेळचा विश्वजितचा बायोडेटा अजून विसरले नव्हते. त्यात छंदाच्या पुढं छापलं होतं, 'ट्रेकिंग व मैदानी खेळ.' झालं. अप्पांनी चौकशी केली, डोंगरात जाणाऱ्या लोकांसाठी जीपीएसवालं भारी घड्याळ असतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि त्यांनी ठरवून टाकलं की रणवऱ्यांच्या पोराला, म्हणजे जावयाला, तेच द्यायचं.

आता खरी गंमत सांगते. विश्वजित आयुष्यात एकदाच ट्रेकला गेला होता, तोही कॉलेजात, आणि त्यातही निम्म्या वाटेवरून मित्रांनी त्याला परत पाठवला होता. पळायची मी. शाळेपासून पळायची. सकाळी उठून यवतेश्वरचा घाट चढून यायची, बक्षिसं आणायची. माझं लग्न जमायला लागलं तसं अप्पांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं, "रेणू, आता पळणं बास. सासरची माणसं काय म्हणतील? बायोडेटात पण लिहायचं न्हाय." माझ्या बायोडेटात छापलं, 'वाचन व रांगोळी.' मला रांगोळीचा ठिपकासुद्धा नीट काढता येत नाही. तरी मी मान डोलावली, कारण अप्पांच्या पुढं कुणी बोलत नसे. एसटीत ड्रायव्हर होते, घाटातली गाडी आयुष्यभर चालवली, आणि घरही त्याच पद्धतीनं चालवलं. मागं बसलेल्यानं गप बसायचं.

फलटणला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात विश्वजितनं विचारलं, "तुझ्या बॅगेत साड्यांच्या खाली बूट कसले आहेत?" मी रडत रडत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं मग पळ की." त्यानंतर मी कालव्याच्या कडेनं पळायला लागले ते थांबलेच नाही. आणि त्या दिवाळीच्या आधी मी डोंगरातल्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं होतं. त्या शर्यतीचा नियम असा होता की सगळी वाट घड्याळात भरलेली पाहिजे आणि घड्याळ शेवटपर्यंत चालू राहिलं पाहिजे, नाहीतर सुरुवातीलाच बाजूला काढणार. माझं जुनं घड्याळ निम्म्या वाटेत मान टाकायचं. नवं घेण्याइतकी आमची ऐपत नव्हती, आणि शर्यत डिसेंबरात होती. अशा वेळी अप्पांनी दिवाळसणाचं घड्याळ काढलं, म्हणजे देवच पावला म्हणायचा. फक्त जावयाच्या मनगटावरून ते माझ्या मनगटावर यायचं होतं आणि अप्पांना कळायचं नव्हतं.

येताना एसटीत मी विश्वजितला पढवलं होतं. बॅटरी विचार, बटणं विचार, नकाशा विचार. तो परीक्षेला बसल्यासारखा पाठ करत आला होता.

दुकानदार शेखर साबळे स्वतः पळणारा माणूस. त्यानं काळं घड्याळ काढलं आणि माझ्याकडं बघून तोंड उघडलं, "ताई, तुम्ही पूर्वी घाटात—"

"साबळेदादा," मी मध्येच घाई केली, "यांना जरा नीट समजावून सांगा ना. यांना लागणार आहे. यांना." तिसऱ्यांदा 'यांना' म्हटल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं ओठ दाबून हसू गिळलं.

"बरोबर आहे. तर साहेब, तुम्हाला काय काय बघायचंय?"

विश्वजितनं दम घेतला. "जीपीएस लावून बॅटरी किती तास जाते?"

"सोनेरीची एक दिवस काढेल कसाबसा. काळ्याची दोन दिवस हलत नाही."

"नकाशा?"

"काळ्यात भरता येतो. वाट चुकलात तर मनगटाला थरथर येते. आणि दरीत, झाडीत सोनेरी जरा गोंधळतं. काळं दोन तऱ्हेचे सिग्नल धरतं, त्यामुळं चुकत नाही."

"आणि..." विश्वजित विसरला. मी मागून त्याच्या पाठीवर बोटानं बटण दाबल्यासारखं दाबलं. "हां, बटणं! बटणं आहेत का?"

"काळ्याला पाच बटणं. सोनेरी सगळं काचेवर बोट फिरवून."

"आणि यात जरा लहान साईझ मिळेल का?"

अप्पांनी चमकून बघितलं. "ल्हान? तुमचं मनगट काय ल्हान हाय व्हय? चांगलं उसासारखं हाय."

"नाही, म्हणजे... पळताना हलू नये म्हणून," विश्वजित म्हणाला. मी मनात त्याला साष्टांग नमस्कार घातला.

अप्पांनी काळं घड्याळ हातात घेतलं, पालथं केलं, सुलटं केलं, आणि परत काउंटरवर ठेवलं. "गुण सगळे आसतील. पण मला एक सांगा साबळे, दिवाळसणाला जावयाला काळी वस्तू देत्यात का? संक्रांत हाय व्हय? पाडव्याला ताटात काळं ठेवलेलं बघून आमची मंडळी मला घरात घेतील का?"

घड्याळ फक्त काळ्याच रंगात यायचं. साबळेनं पट्टा लाल लावून देतो म्हटलं, तर अप्पा म्हणाले, "पट्ट्यानं काय हुतंय, तोंड काळंच की." बरं, त्यांचं चुकीचं होतं असंही मला म्हणता येईना. आईनं खरंच तोंड वाकडं केलं असतं. सोनेरीचा खोका उघडला जायला लागला तशी माझी डिसेंबरातली शर्यत डोळ्यांसमोरून निघून चालली.

साबळेनं वाचवलं. तो म्हणाला, "अप्पा, असं करा. दुकानात लोकांना घालून बघायला ठेवलेली दोन्ही घड्याळं घेऊन जा. उद्या सकाळी साहेबांनी दोन हातांत दोन घालून यवतेश्वरचा घाट पळत चढायचा. जे नीट चाललं ते घ्या. घाटच सांगेल."

अप्पांचा चेहरा एकदम खुलला. "ट्रायल," ते म्हणाले. डेपोत दुरुस्त झालेली गाडी ट्रायल घेतल्याशिवाय त्यांनी कधी मार्गावर काढली नव्हती. "हे बेस बोललासा. उद्या सकाळी ट्रायल. काय जावईबापू?"

जावईबापू पांढरे पडले होते.

घरी चिमणपुऱ्यात आल्यावर आई शंकरपाळ्या तळत होती तेवढ्यात आम्ही दोघं गच्चीवर गेलो.

"रेणू, मला जिना चढून दम लागलाय," विश्वजित म्हणाला. "आणि तू मला घाट चढायला लावणार?"

"हळूहळू चढ."

"हळूहळू चढलो तर पाडवा वरच होईल. तू अप्पांना सांगून का टाकत नाहीस?"

"तू बघितलं नाहीस ते कसे बोलतात? मी शब्द दिला होता. सणासुदीला रडारड नको."

"मग तूच पळ घड्याळं घालून. मी काहीतरी करून वर पोहोचतो."

त्यातून आमचा बेत शिजला. अप्पा मोटारसायकलवरून पुढं जाऊन वर चहाच्या टपरीवर थांबणार होते. मी 'यवतेश्वराच्या दर्शनाला' म्हणून मागून चालत येणार. पहिल्या वळणाआड गेलो की विश्वजितनं घड्याळं मला द्यायची आणि येईल त्या गाडीला हात करून शेवटच्या वळणाच्या अलीकडं उतरायचं. मी पळत येऊन घड्याळं त्याला द्यायची आणि शेवटचा तेवढा तुकडा त्यानं पळत जाऊन अप्पांसमोर उभं राहायचं. मी मागाहून देवाला आल्यासारखी येणार. आम्ही दोघं इतके खूश झालो की विश्वजितनं मला गच्चीवर एक फेरी नाचवली. खालून आई ओरडली, "काय धाडधाड चाललंय?"

सकाळी घाटाच्या पायथ्याशी धुकं होतं, थंडी होती. अप्पांनी स्वतः जावयाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधली, एक सोनेरी, एक काळं. रस्त्यानं फिरायला निघालेले दोघं-तिघं थांबून बघायला लागले. अप्पा त्यांना म्हणाले, "आमचं जावई. डोंगरातलं मानूस हाय." विश्वजित जागच्या जागी उड्या मारत होता. ते बघून मला हसू आवरेना, मी तोंडावर ओढणी धरली.

"सावकाश या," अप्पा म्हणाले. "मी वर हाय." आणि मोटारसायकल धुक्यात गेली.

पहिलं वळण आलं. विश्वजित तिथंच कठड्यावर बसला, घड्याळं काढून माझ्या हातात दिली. मी ओढणी कमरेला गच्च बांधली, सलवार वर खोचली. पायांत बूट होतेच, धुक्यात कुणाचं तिकडं लक्ष गेलं नव्हतं. दोन्ही घड्याळं सुरू केली आणि निघाले.

काय सांगू तुम्हाला. फलटणला सगळं सपाट. कालव्याच्या कडेनं पळून पळून माझे पाय चढ विसरले असतील असं मला वाटत होतं. पहिली दोन वळणं छाती भरून आली. मग श्वासाला लय लागली, पाय आपोआप पडायला लागले, आणि मला माझाच घाट परत मिळाला. धुक्यात रस्ता थोडाच दिसायचा, तेवढा पळायचा की पुढचा दिसायचा. खाली साताऱ्यात कुणीतरी पहाटेचे फटाके उडवत होतं, त्याचा आवाज वर येत होता. काळं घड्याळ मनगटावर हलतही नव्हतं. बटण दाबलं की चढ किती झाला ते दाखवायचं, बटण दाबलं की वेग. मी वर जाईन तसा आकडा वर जात होता. मला एकटीलाच हसू फुटत होतं. असलं घड्याळ मी जन्मात हातात बांधलं नव्हतं.

सोनेरीनं मात्र छळ मांडला. धुक्यानं माझ्या स्वेटरची बाही ओली झाली होती, ती त्याच्या काचेला लागली की ते आपोआप थांबायचं. मी बोट फिरवून सुरू करायची, ओल्या बोटाला ते दाद द्यायचं नाही. एकदा तर सुरू करायला गेले तर गाणं लागलं. तशीच गाणं वाजवत मी एक वळण चढले. समोरून काठी घेऊन उतरणारे एक आजोबा थबकून बघत राहिले.

बेताप्रमाणं मध्ये दुधाचा टेम्पो मला ओलांडून गेला. साताऱ्यात दूध घालून रिकामे कॅन घेऊन वर परतणारा. मागं कॅनच्या मध्ये विश्वजित बसला होता. त्यानं मला दोन्ही हात वर करून दाखवले. मीही दाखवले. सगळं जमलंय असं वाटलं.

शेवटच्या वळणाच्या अलीकडं पोहोचले आणि बघते तर विश्वजित नाही. रस्ता मोकळा. टेम्पोही नाही. मी दबक्या आवाजात हाक मारली. कुणी नाही.

अजूनही सावरता आलं असतं. तिथं थांबले असते, घड्याळं ओढणीत गुंडाळली असती, चालत वर गेले असते, काहीतरी थाप मारली असती. थापा सुचतात मला. पण काळ्या घड्याळाकडं बघितलं तर लग्नाआधी कधी चढले नव्हते इतक्या जोरात मी त्या दिवशी चढत होते. आणि वर अप्पा उभे होते. अप्पांनी मला कधीच पळताना बघितलं नव्हतं. मी बक्षीस घेऊन यायची तेव्हा ते ड्यूटीवर असायचे, नाहीतर बक्षीस बघून 'ठेव तिकडं' म्हणायचे. मला एकदम वाटलं, बघू देत. एकदा तरी बघू देत, मग काय बोलायचं ते बोलू देत. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण पाय थांबले नाहीत, उलट मी वेग वाढवला.

वळणावरून बाहेर आले तर धुकं संपलं होतं, वर ऊन होतं. टपरीपुढं टेम्पो उभा होता. टेम्पोवाला बबन कोकरे हात जोडून हसत उभा होता. आणि माझा नवरा टपरीतल्या एकुलत्या खुर्चीवर, हातात चहाचा ग्लास घेऊन, फाशीची शिक्षा ऐकल्यासारखा बसला होता.

झालं होतं ते असं. वळणाच्या अलीकडं विश्वजित मागच्या खिडकीतून म्हणाला, इथं सोडा. कोकऱ्यानं विचारलं, "कोणाकडचं पाव्हणं?" विश्वजितनं सरळपणानं सांगितलं, जगदाळे ड्रायव्हरांचा जावई. संपलं. जगदाळे ड्रायव्हरांचा जावई म्हणजे घाटातल्या सगळ्या वाड्या-वस्त्यांचा जावई. त्याला दिवाळीत रस्त्यात मध्येच उतरवायचं? कोकऱ्यानं गाडी थांबवलीच नाही. मागून विश्वजित पत्रा बडवत होता तर त्याला वाटलं, पाव्हण्याला घाई आहे. त्यानं जावयाला थेट सासऱ्यापुढं नेऊन उभं केलं आणि वर चहा पाजला. अप्पांनी विचारलं, "घड्याळं कुठायत?" विश्वजितला काहीच सुचेना. तो म्हणाला, "येताहेत."

आणि घड्याळं आली. कमरेला ओढणी, सलवार खोचलेली, केस सुटलेले, दोन्ही हातांत दोन घड्याळं, एकातून परत गाणं चालू.

मी अप्पांच्या पुढं येऊन थांबले. गुडघ्यांवर हात टेकले. अप्पांनी माझा उजवा हात धरला आणि सोनेरी घड्याळ बघितलं.

"ह्ये का गातंय?"

"ओल्या हाताला ऐकत नाही. मधेच बंद पडतं."

मग डावा हात धरला. "आणि ह्ये?"

"चालू आहे."

त्यांनी चष्मा वर करून त्या पडद्याकडं बघितलं. त्यांना आकडे कळत होते की नाही कोण जाणे. "कधीपास्नं पळतीस?"

"बंदच केलं नव्हतं, अप्पा. म्हणजे तुमच्यापुढं हो म्हटलं. पण तिकडं गेल्यावर नाही राहवलं."

"फलटणात म्हाईत हाय?"

"हो."

"विहीणबाईंना?"

"त्याच सकाळी दार उघडून देतात. पळून आले की लिंबूपाणी ठेवलेलं असतं."

अप्पांनी माझा हात सोडला. तोंड फिरवून दरीकडं बघितलं. "म्हंजी परक्यांना म्हाईत हाय," ते म्हणाले. "मलाच तेवढं न्हाय."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं. हे नाही सोसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि दम लागलेला असल्यामुळं ते लपवताही येईना. विश्वजित खुर्चीवरून उठून पुढं आला.

"अप्पा, चूक माझी आहे. बायोडेटातलं ट्रेकिंग माझ्या मित्रानं घातलं. मला खरं तर... मला डोंगर खालूनच आवडतो. ते काळं घड्याळ रेणूलाच पाहिजे होतं. डिसेंबरात तिची पन्नास किलोमीटरची शर्यत आहे. घड्याळ नसेल तर उभीच करणार नाहीत."

"पन्नास," अप्पा म्हणाले. "डोंगरातनं?"

"हो."

"आणि ती करंल?"

हे त्यांनी विश्वजितला विचारलं, पण बघत माझ्याकडं होते. विश्वजित म्हणाला, "तुम्ही आत्ता बघितलं की."

अप्पांनी टपरीवाल्याला पैसे दिले, कोकऱ्याला नमस्कार केला, टेम्पो निघून गेला. मग मोटारसायकल स्टँडवरून काढली आणि तिच्यावर बसून राहिले, चालू न करता. मला वाटलं आता म्हणतील, बस मागं, घरी चल. घरी गेल्यावर आईपुढं जे व्हायचं ते होईल, सोनेरी घड्याळ पाडव्याच्या ताटात येईल आणि माझ्या शर्यतीचं नाव कुणी काढायचं नाही. मी ओढणी सोडून खांद्यावर घ्यायला लागले.

"ऱ्हाऊ दे ती," अप्पा म्हणाले. "त्या शर्यतीत नुसता चढच आसतोय का उतार बी आसतोय?"

"उतार पण असतो."

"अवघड काय, चढ का उतार?"

"उतार. गुडघे धरतात. आणि पाय घसरतो."

"मग?" अप्पांचा आवाज एकदम डेपोतला झाला. "चढाची ट्रायल झाली. उताराची कुठं झाली? अर्ध्या ट्रायलवर गाडी पास करत्यात का कुठं?"

मी ओढणी परत कमरेला बांधली.

"जावईबापू, मागं बसा. ती गाणी म्हणणारी बया खिशात टाका. रेणू, काळं चालू हाय न्हवं? मग निघ. मी पुढं ऱ्हातो. वळणावर गाड्या येत्यात, सणाचा दिस हाय."

आणि आम्ही उतरायला लागलो. पुढं अप्पांची मोटारसायकल, मागं तोंड करून उलटा बसलेला माझा नवरा, आणि त्यांच्यामागं मी. प्रत्येक वळणाच्या आधी अप्पा हॉर्न दाबून धरायचे. कास बघायला निघालेल्या गाड्या वर येत होत्या, त्यांना हात करून करून कडेला घ्यायला लावायचे. एका मोटारवाल्यानं काच खाली करून विचारलं, "काय झालंय काका?" अप्पा म्हणाले, "काय न्हाय झालं. पोरगी पळतीय माझी. जरा थांबा."

ते वाक्य मला मागं ऐकू आलं आणि माझे पाय जमिनीला लागेनात. मी रडत होते आणि हसत होते आणि पळत होते, तिन्ही एकदम. उलटा बसलेला विश्वजित मला बघून स्वतःच डोळे पुसायला लागला. मी ओरडले, "तू कशाला रडतोस?" तो म्हणाला, "धूळ आहे गं."

घाट संपला, समर्थ मंदिर आलं. आता वस्ती. लोक उठले होते, दारादारात बायका रांगोळ्या काढत होत्या. मला वाटलं इथून अप्पा चालायला सांगतील. ज्या लोकांना कळू नये म्हणून त्यांनी माझं पळणं बंद केलं होतं ते सगळे इथंच तर राहत होते. पण मोटारसायकल थांबली नाही. चिमणपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या कदमकाकू हातात रांगोळीचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "अगं बाई, जगदाळे भाऊजी, रेणू का पळतीय? कोण आजारी आहे का?"

"आजारी कशाला आसंल," अप्पा म्हणाले. "पन्नास किलोमीटरची तयारी चाललीय तिची. जरा रांगोळी सांभाळा, पाय पडंल."

आमचं घर आलं. दारात आई उभी होती, उघड्या तोंडानं. अप्पांनी तिच्याकडं बघून हॉर्न दिला आणि गाडी तशीच पुढं काढली.

"अप्पा," मी मागून ओरडले, "घर मागं राहिलं."

त्यांनी मागं न बघता विचारलं, "घड्याळ बंद पडलंय का?"

"नाही."

"दमलीस?"

"नाही."

"मग राजवाड्यापर्यंत चल की," अप्पा म्हणाले. "आत्ता बाजारात समदा सातारा आसंल."